डब्यात उरलेला कार्बोरेटर

अण्णा, तुमची नात पावणेदोनला चाकणला निघाली. तिची दुसरी पाळी तीनला सुरू होते. अडीचच्या सुमाराला ती कंपनीच्या गेटपाशी पोचते आणि मला फोनवर एकच शब्द पाठवते, 'पोचले'. तो येईपर्यंत मी रोज हाताला काहीतरी लावून घेते, गहू निवडते, देवाची भांडी घासते. आज काहीच धरवेना. माळ घेऊन बसले तर दुसऱ्याच वेढ्यात मोजणी चुकली. म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं काढली आणि तुम्हाला लिहायला बसले. समोर ओट्यावर तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. सकाळी त्यात दोन कार्बोरेटर होते. आता एकच असणार, दुसरा तिने गाडीला बसवलाय. कोणता उरलाय ते मी झाकण काढून पाहिलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा ही सव्वा वर्षाची होती, तुमच्या बनियनच्या ऑइलच्या वासाला नाक लावून झोपायची. आता तेवीस वर्षांची आहे. डिप्लोमा झाला, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात लागली. आम्ही आता चऱ्होलीला राहतो, सोसायटीच्या गेटावर कंपनीची बस येते, तरी ही बाई मोटारसायकलनेच जाणार. दीडशे सीसीची जुनी गाडी घेतली, मैत्रिणीच्या भावाच्या गॅरेजमध्ये सहा रविवार घालवून तिचं इंजिन बोअर करून घेतलं, मोठा पिस्टन टाकला, आता ती एकशेऐंशीची झाली आहे. शर्यतीत पळवायची नाही, म्हणते, रोजच्या रस्त्यावरच, पण दमदार पळायला हवी. तुम्ही असतात तर तिला पायरीवर बसवून सगळं समजावलं असतंत. मी भाकऱ्या भाजत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, इंजिन मोठं केलं, आता कार्बोरेटरचा प्रश्न येणार. आलाच.

"चौतीसचा टाकतेय," गेल्या सोमवारी जेवताना म्हणाली. "गॅरेजमध्ये पडूनच आहे, नुसता आणायचाय."

"चौतीस फार मोठा होईल गं," माझ्या तोंडून निघून गेलं. "अठ्ठावीस बस झाला."

तिने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. "मम्मी, अठ्ठावीस काय? मिक्सरचं भांडं आहे का ते?"

"तोंडाचा व्यास. मिलिमीटरमध्ये."

"पप्पा, ऐकताय का? मम्मी मोबाइलवर कार्बोरेटर बघायला लागली!"

तुमचे जावई पेपर वाचत होते. ते हसले नाहीत. मला तेव्हाच कळलं, त्यांच्याही मनात तेच आलं होतं आणि आम्ही दोघांनी ते पंचवीस वर्षांत एकदाही तोंडावर आणलेलं नाही.

आकुर्डीच्या त्या पत्र्याच्या शेडमागे आपली खोली होती आणि खोलीमागे अंघोळीच्या पाण्याची चूल. मी नववीत असेन. एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर बसवला की गाडी जास्त पळायला हवी ना, मग तुम्ही लोकांना नाही का म्हणता. तुम्ही भंगारातून मनगटाएवढा जाड पाइपचा तुकडा आणलात आणि मला चुलीपुढे बसवलंत. "आधी फुंकणीनं फुंक." मी फुंकलं, निखारा लालबुंद झाला. "आता ह्यानं." मी गाल फुगवून फुंकलं, पुन्हा फुंकलं, डोळ्यांत पाणी आलं, निखारा तसाच काळा. आई मागून म्हणते, "अहो, पोरीला घेरी येईल, पाणी तापायचंय अजून." आणि तुम्ही उकिडवे बसून हसताय. "श्वास तोच आहे ना तुझा? पण पाइप मोठा, म्हणून वारा सुस्त. इंजिनाचं तेच. तोंड गरजेपेक्षा मोठं केलं की हवा सुस्तावते, पेट्रोल ओढून घेत नाही. माणूस हळू चाललाय आणि एकदम रेस देतो, तर गाडी पळायच्या ऐवजी क्षणभर गुदमरते. सपाट मोकळ्या रस्त्यावर पुढे सावरते ती. पण चौकात?" चौकात काय होतं ते तुम्ही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तुमची पद्धत दुसऱ्या कुणाची नव्हती. गिऱ्हाईक म्हणायचं, मोठा कार्बोरेटर टाका, मिस्त्री, आणि तुम्ही म्हणायचात, उद्या सकाळी कामावर जाताना मला मागे बसवून न्या. त्याच्या रोजच्या रस्त्याने तुम्ही मागच्या सीटवर बसून जायचात, इंजिनाला कान देऊन, तोंडाने एक शब्द न बोलता. परत येताना चालत नाहीतर बसने. आल्यावर चहा घेता घेता मला वही काढायला सांगायचात. नाव नाही, गाडीचे शेवटचे चार आकडे. मग रस्ता कुठला. गतिरोधक किती. पाठीमागे कोण बसतं. आणि शेवटी, मिनिटाला इंजिनाचे फेरे किती, म्हणजे तो माणूस खरोखर किती फेऱ्यांपर्यंत गाडी नेतो. तो आकडा तुम्ही कानाने ऐकून आणलेला असायचा. कुठल्याशा कंपनीतल्या इंजिनिअरने तुम्हाला एक सूत्र लिहून दिलं होतं: इंजिनाचं माप लिटरमध्ये, गुणिले फेरे, त्याचं वर्गमूळ, आणि मग एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं, की कार्बोरेटरचा व्यास येतो. तुमची शाळा चौथीपर्यंत. वर्गमूळ माझं काम. शाळेत वर्गमूळ शिकवलं तेव्हा बाकीच्या मुली कुरकुरत होत्या, हे कशाला लागणार आहे आपल्याला, आणि मी गप्प बसून फुलत होते, कारण मला रोज लागत होतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात. एका गिऱ्हाइकाने मला फुशारकी मारत सांगितलं होतं, मी दहा हजाराच्या खाली गाडी चालवतच नाही, आणि मी तेच वहीत लिहून ठेवलं. तुम्ही वही माझ्या हातातून घेतलीत. आवाज चढवला नाही. "माणसाच्या तोंडचे फेरे लिहायचे नाहीत. रस्त्यावरचे लिहायचे. सूत्र खोटं बोलत नाही, बाळ, पण आपण त्याला जे खायला घालू तेच ते परत देतं. खोटे फेरे घातलेस तर खोटा कार्बोरेटर येईल, आणि दिसायला गणित बरोबर दिसेल." मग म्हणालात, "मी डोक्यात आकडा ठेवत नाही. चार गाड्या असतात, गोंधळ होतो. वहीत आहे तेच मी बसवणार. म्हणून तुझ्या हातावर माझा भरवसा आहे."

गेला आठवडाभर तुमची नात हेच सूत्र मोबाइलवर घेऊन माझ्यापुढे बसत होती, तिच्या मते मला शिकवायला. तिने फेरे अकरा हजार धरले होते. त्याचे तेहतीसच्या वर येतात, म्हणून चौतीस.

"अकरा हजारावर तू गाडी कधी नेतेस?" मी विचारलं.

"जाते की. गाडी जाते तिथपर्यंत."

"गाडीचं नाही विचारलं. तू नेतेस का? आळंदीच्या गर्दीत? चाकणच्या चौकात कंटेनर आडवा असताना?"

"मम्मी, तू ना सोसायटीच्या भजनी मंडळात ह्यावर कीर्तन ठेव. मस्त गर्दी होईल."

मी हसले. वर्गमूळ सोडवून दाखवावं असं हाताला वाटत होतं, पण ह्या घरात मी दहावी झालेली, हिशेबाची वही लिहिणारी, उपास धरणारी बाई आहे. ह्यांना सोडून कुणालाच ठाऊक नाही की एका शेडमध्ये माझ्या अक्षरावर कार्बोरेटर ठरत होते. आणि मी तिला सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल, ही भीती. म्हणून मी गप्प बसले आणि रोज देवापुढे एक जास्त वात लावली. भीती काही तेवढ्याने जात नाही, अण्णा. पोळी लाटताना, बाजारात भाजी घेताना, सारखं डोळ्यांपुढे येत होतं: ती चौकात थांबलीय, मागून काहीतरी अवजड येतंय, ती रेस देते आणि गाडी गुदमरते.

काल ती माळ्यावर पान्यांचा जुना सेट शोधायला चढली आणि तुमचा डबा घेऊन उतरली. डब्यात तुमचा तो अठ्ठावीसचा, जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला, आणि खाली वही. गॅरेजमधून आणून ठेवलेला चौतीसचाही तिने त्यातच टाकला. मला वाटलं, बरं झालं, देवानेच काढून दिला, आता आजोबांच्या अक्षरात वाचेल आणि पटेल. अक्षर माझं आहे हे मी विसरलेच होते. आज सकाळी आंघोळ करून मी पूजेला बसतेय तोच पोरगी वही नाचवत आली.

"बघ! बघ हे! आजोबांनी एकशेसत्तरच्या गाडीला तीसचा टाकलाय. फेरे साडेनऊ हजार! माझी तर एकशेऐंशी आहे. तुझे वडील तुझ्यापेक्षा डेरिंगबाज होते, मम्मी. संपला विषय. आजच चौतीसचा बसवते."

तेच पान, अण्णा. सगळ्या वहीत ते एकच पान असं आहे, आणि तिला तेच सापडावं.

माझ्या हातात फुलं होती. ती ताम्हणात ठेवली. "ते आजोबांनी नाही लिहिलेलं," मी म्हटलं. "ते मी लिहिलंय." आणि मग तिला सांगितलं, तेव्हाचं सगळं, उभ्या उभ्या. की त्या गाडीच्या मागे बसून तुम्ही भोसरीपर्यंत जाऊन आला होतात आणि आल्यावर मला म्हणाला होतात, सात हजार लिही, पोरगा बोलतो फार पण गाडी सांभाळून चालवतो. मी पेन्सिलने सात हजार लिहिलं. सव्वीस येत होतं. तुम्ही सामान आणायला गेलात. तेव्हा तो पोरगा आला, शेडच्या दाराला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, सव्वीस? सगळे हसतील हो मला. तुमच्याच हातात आहे ना, साडेनऊ लिहा की. मला तोवर कुणी अहोजाहो केलं नव्हतं. मी खोडलं. साडेनऊ लिहिलं, पुन्हा वर्गमूळ काढलं, तीस आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वही पाहिलीत, कपाळाला आठी घातलीत. "तीस येतं का गं?" आणि मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "दोनदा काढलं, अण्णा." ते खरं होतं. दोनदाच काढलं होतं.

"वहीत आहे तर आहे," तुम्ही म्हणालात, आणि तीसचा बसवलात.

"मग?" तुमची नात हळू आवाजात म्हणाली. "त्या गाडीचं काय झालं?"

मी उत्तर द्यायच्या आधी दाराशी तुमचे जावई येऊन उभे राहिले. दाढीचा साबण तसाच गालावर. उजव्या हाताने डावं कोपर धरलेलं, थंडीत दुखतं तेव्हा धरतात तसं. ते कोपर अजून सरळ होत नाही. तिने लहानपणापासून एवढंच ऐकलंय की पप्पांना टेम्पोने धडक दिली होती.

"अकराव्या दिवशी," ते म्हणाले. "नाशिक रस्त्याला लागताना. मी रेस दिली आणि गाडी जागेवर मेली. टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती." मग माझ्याकडे न बघता, "आणि साडेनऊ मी सांगितलं होतं. तिचं एकटीचं नाही ते."

तुमची नात आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली. "आणि आजोबांना कोणी सांगितलं?" एवढंच विचारलं.

कोणी नाही. कोणीच नाही, अण्णा. तुम्ही दवाखान्यात गेलात, ह्यांच्या आईपुढे हात जोडून उभे राहिलात आणि म्हणालात, "माझा कान चुकला, माउली." मी तुमच्या मागे मोसंब्यांची पिशवी धरून उभी होते. हे पलंगावर हात बांधून पडलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही गप्प बसलो. त्यानंतर तुम्ही कुणाच्या गाडीमागे बसून गेला नाहीत. कार्बोरेटर बदलायला कुणी आलं की म्हणायचात, ते काम मी सोडलं, ऑइल बदलून देतो. स्वतःच्या गाडीसाठी हौसेने आणलेला अठ्ठावीसचा चिंधीत गुंडाळून डब्यात टाकलात. तो मी कितीदा पुसून परत ठेवला असेल. ह्यांचा हात बरा व्हावा म्हणून मी चहातली साखर सोडली, तुम्ही विचारलंत, का गं, तर म्हणाले, आवडत नाही. मग ह्यांच्या घरून मागणी आली आणि तुम्ही एका बैठकीत हो म्हणालात. लोक म्हणाले, पोरीचं नशीब. मी पाहत होते, तुम्ही दवाखान्यात हात जोडले होते तसेच पुन्हा जोडत होतात. मी बोलले असते तर लग्न मोडलं असतं. म्हणून तेव्हा नाही बोलले. नंतर तुम्ही आजारी पडलात, तेव्हा वाटलं, आता कशाला त्रास. मग वेळच संपली.

सकाळी हे सगळं झाल्यावर तिने डबा उचलला, वही उचलली, पान्यांचा सेट घेतला आणि खाली पार्किंगमध्ये गेली. तास-दीड तास वर आली नाही. हे म्हणाले, "जाऊ नकोस खाली. तिचं तिला ठरवू दे." आली ती हात काळे करून. जेवली, गणवेश घातला, डबा ओट्यावर ठेवला, "येते" म्हणाली. माझ्या पाया पडायची सवय नाही तिला, आज पडलीही नाही, रागावलीय की काय ते कळेना. मी गॅलरीत उभी राहून गाडी सुरू होताना ऐकलं. कान देऊन ऐकलं, तुमच्यासारखं. पण कान तुमचे होते, अण्णा, माझ्याकडे फक्त वर्गमूळ. शेजारी कुणीतरी ड्रिल चालवत होतं. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

दोन पस्तीस. अजून नाही.

हे हॉलमध्ये येरझाऱ्या घालतायत. मघाशी म्हणाले, "आळंदीत गर्दी असेल, एकादशी जवळ आलीय." मी म्हटलं, असेल. डबा उघडावा का? चौतीसचा आत असेल तर जीव भांड्यात पडेल. पण अठ्ठावीसचा आत निघाला तर मी आत्ता काय करणार आहे? फोन केला तर ती गाडी चालवताना उचलेल. म्हणून हात लावत नाही. एकदा उठून झाकणाला बोट लावलं आणि परत बसले.

दोन बेचाळीस. दोन शेहेचाळीस. हे आत आले, पाणी प्याले, माझ्या खांद्यावर तो सरळ न होणारा हात ठेवला आणि गेले. पंचवीस वर्षं ते ह्या हाताने मला धीर देतायत, आणि दर वेळी मला तुमची आठी दिसते.

दोन एक्कावन्न. आला. 'पोचले. आळंदीत रस्ता बंद होता.' आणि त्याखाली, 'वही बघ.'

देवापुढे हात जोडले आणि मग डबा उघडला. वर चौतीसचा होता, तसाच, न बसवलेला. खाली वही. तुमच्या शेवटच्या पानानंतरच्या कोऱ्या पानावर तिने निळ्या पेनाने लिहिलं होतं, तुमच्याच क्रमाने. गाडीचे शेवटचे चार आकडे. रस्ता: चऱ्होली, आळंदी, चाकण. गतिरोधक: एकोणीस. फेरे: पावणेआठ हजार. त्याखाली तिने वर्गमूळ मोबाइलवर न काढता हाताने काढलं होतं, भागाकारासारखं पायऱ्यापायऱ्यांनी, एका ठिकाणी खाडाखोड करून, आणि उत्तर आलं होतं अठ्ठावीस. पाठीमागे कोण बसतं, ह्यापुढे लिहिलं होतं: मम्मी, उद्यापासून. ऐकायला.

मी मागे बसणार आहे, अण्णा. मला भीती वाटते, ह्यांच्या अपघातानंतर मी मोटारसायकलवर बसलेले नाही. पण अकरावा दिवस उलटेपर्यंत तरी मी बसणार, आणि कान देणार. ते साडेनऊ हजाराचं पान मी फाडलं नाही. त्यावर माझ्या अक्षरात खाली लिहिलं: मिस्त्रींनी सात हजार सांगितले होते. हे कागद आता दुमडून त्याच वहीत ठेवते. ते तुमच्यापर्यंत जायचे नाहीत, हे मला कळतं.

फक्त एक राहिलं. सकाळी पोरीला आणि ह्यांना सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. तुमचं सात हजार खोडताना मला भीती वाटली नव्हती, वाईटही वाटलं नव्हतं. मला आनंद झाला होता. इतका, की खोडरबराचा चुरा मी फुंकून टाकला नाही. ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला, आणि तुम्ही दवाखान्यात हात जोडून उभे होतात तेव्हाही ती गाठ माझ्या मुठीत होती.